मदत हवी आहे : जुन्या एस्टीमच्या खिडकीच्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या पडल्या, रंगवू का बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी २००२ ची मारुती एस्टीम, पेट्रोल, एमएच-२९. काकांनी घेतली होती, आता माझ्याकडे आहे आणि रोजची गाडी आहे, दारव्हा-यवतमाळ येणंजाणं, आईला दवाखान्यात न्यायचं, हंगामात बियाणं-खत आणायचं. विकायची नाही म्हणजे नाहीच. इंजिन मस्त, बॉडीचा रंगही ठीक, पण खिडक्यांच्या भोवतालचं काळं काम पार गेलं आणि त्यानं सगळी गाडी म्हातारी दिसून राहिली.

नेमकं काय झालं ते नीट सांगतो, कारण गॅरेजात नुसतं पट्टी म्हटलं की जो तो वेगळीच पट्टी धरतो. दाराच्या काचेखाली बाहेरून जी आडवी पट्टी असते, काच वरखाली होताना जिचं रबर काचेला टेकून असते, ती चारही दारांची राखाडी झाली. वरचं काळं आवरण उन्हानं तडकलं आणि ड्रायव्हरच्या दाराला तर तडकलेल्या जागी आतला पत्रा दिसते, त्याला गंज धरला. रबर इतकं कडक झालं की नखानं दाबलं तर दबत नाही. शिवाय दोन दारांच्या मधल्या खांबावरचा आणि काचेच्या चौकटीचा मॅट काळा रंग जागोजागी उडाला. छताच्या कडेची पट्टी फक्त फिकट पडली, ती शाबूत आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते हे तुम्हाला माहीतच आहे. गाडी लिंबाखाली उभी असते, दुपारी सावली सरकली की ड्रायव्हरची बाजू उन्हात येते आणि त्याच बाजूचं सगळं जास्त खराब आहे.

नुसतं दिसण्याचं असतं तर एक वेळ थांबलो असतो. पण काचेवर आता उभे ओरखडे येऊन राहिले, पावसात दारात पाणी जास्त जाते आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगल्यासारखा वाटते. म्हणून मृग लागायच्या आत काम उरकायचं आहे.

इथं ज्याला विचारलं त्यानं वेगळा उपाय सांगितला. एक म्हणतो टायर पॉलिश मारा, एक म्हणतो बूट पॉलिश, गॅरेजातला पोरगा डिझेलचं फडकं फिरवून दाखवायला निघाला होता, मीच थांबवलं. पेंटर म्हणाला काहीच काढायचं नाही, टेप लावून सगळ्यावर काळा फवारा मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. मला ते पटत नाही, रबरावर रंग कसा टिकेल? रॅपिंगवाला मॅट काळं व्हिनाइल, म्हणजे चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, लावून द्यायला तयार आहे. आणि एस्टीम २००७ मधेच बंद झाली त्यामुळं ओरिजिनल पट्ट्या मिळणं कठीण, लोकल मिळतात पण त्या कशा निघतात ते कोणी वापरून पाहिल्या असतील तर सांगा.

मला चमक नको. कंपनीतून आली तेव्हा जशी होती तसा मंद काळा पाहिजे आणि तो आपल्या उन्हात टिकला पाहिजे. काय रंगवू, काय बदलू आणि कोणत्या क्रमानं करू?

अकोलेकर :

भाऊ, आधी लोहचुंबक घेऊन सगळ्या पट्ट्यांवर फिरवा. चिकटलं तर आत लोखंडी पत्रा, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम, प्लास्टिक नाहीतर स्टेनलेस. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, सगळ्यांना एकच औषध देणारा पेंटर असेल तर त्याच्याकडे जाऊच नका.

डिझेल लावू दिलं नाही ते फार बरं केलं. खिडकीचं रबर बहुतेक ईपीडीएम नावाच्या जातीचं असते, ते ऊन-पाऊस चांगलं सहन करते पण डिझेल, रॉकेल, पेट्रोल, जुनं ऑइल लागलं की फुगते आणि आकार सोडते. दोन दिवस काळंभोर दिसते म्हणून लोक फसतात. बूट पॉलिश पहिल्या पावसात ओघळून दारावर काळे डाग पाडते. टायर पॉलिशनं धूळ चिकटते, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ त्या रबरात बसली की ती काचेवर कानशीसारखी चालते. तुमचे उभे ओरखडे त्यानंच आले असतील, कारण काचेला टेकणाऱ्या ओठाची मऊ लव झिजली की खाली नुसतं कडक रबर आणि त्यात अडकलेले मातीचे कण उरतात.

कडक झालेलं रबर कशानंही परत मऊ होत नाही. सिलिकॉन ड्रेसिंग चांगल्या रबराला टिकवते, मेलेल्या रबराला नाही. त्या चार आडव्या पट्ट्या बदलाच. लोकल घेताना रबराचा ओठ हातानं दुमडून पाहा, सोडल्यावर लगेच सरळ झाला पाहिजे आणि काचेकडच्या बाजूला लव असली पाहिजे. लव नसलेली फुकट दिली तरी लावू नका.

यवतमाळकर पेंटर :

मी हेच काम करतो म्हणून सांगतो. खांब आणि चौकट रंगवायची, छताची पट्टी पण रंगवता येते, रबराला मात्र हात लावायचा नाही. टेप लावून रबरावर फवारा मारला तर काच दोनचारदा खालीवर झाली की त्याचे पोपडे निघतात आणि ते काचेच्या चॅनलमधे, म्हणजे काच ज्या खाचेत सरकते तिथं, जाऊन बसतात.

काम असं करून घ्या. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कारण जुनी पॉलिश आणि सिलिकॉन राहिलं तर रंगाला माशाचे डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात. उडालेला रंग ४०० च्या पेपरनं घासून कडा हाताला लागणार नाहीत इतक्या सपाट करा, मग ६००. जिथं उघडा पत्रा दिसते तिथं एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणारा, आणि त्यावर पाण्याचा पेपर मारू नका, तो प्रायमर ओल धरतो. प्लास्टिकचा भाग असेल तर त्याला प्लास्टिकचा प्रायमर वेगळा लागतो, नाहीतर नखानं सोलून निघते. वरून दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात मारला की ओघळ आलाच.

आणि मे महिन्यात हे काम दुपारी कोणी करत असेल तर करू देऊ नका. पत्रा तापलेला असला की रंग गनमधून निघून पत्र्यावर बसायच्या आधीच वाळते आणि हात फिरवला तर रेतीसारखं लागते. सकाळी सहा-सातला, सावलीत, वारा नसताना. पाऊस सुरू झाल्यावरही नको, हवेतल्या ओलीनं रंग पांढुरका पडते. म्हणजे तुमच्याकडे आत्ताचे सकाळचेच तास आहेत.

व्हिनाइल खांबावर चालेल, तिथं सपाट आहे. अरुंद पट्टीवर नाही चालणार, कडा उचलतात आणि आपल्या उन्हात गोंद ढिला होते.

वऱ्हाडी बावा :

अरे भाऊ, पट्टीचं सारं सांगतलं पण दाराचं कोनीच नाई सांगत. दारात पानी जातेच, नव्या गाडीत बी जाते, ते खालच्या कडेच्या भोकातून निंगून जाते. तुमच्या दाराची ते भोकं मातीनं बुजली असतीन म्हनून तो फुगवटा आला. दाराखाली हात घाला, लाकडाची काडी नाईतर जुना टूथब्रश घेऊन ते मोकळे करा, मंग वरून तांब्याभर पानी ओता अन् खालून येते का ते पाहा. हे आजच करा, पट्टी उद्या लावजा.

अन् पट्टी काढतानी काच पुरी खाली करा, दाराच्या रंगावर टेप लावा, लाकडाची पाचर लावून वर उचला. पेचकस नका घालू. काई गाड्याइले टोकाले स्क्रू असते, तो पाह्यल्याशिवाय वढू नका, आतला पत्रा एकदा मुडला तर सरका होत नाई.

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. बावा, तुमचं ऐकून आधी दाराखालीच हात घातला. मागच्या दोन्ही दारांची भोकं गच्च होती, काडी घातल्याबरोबर काळा चिखल आला आणि मागून पाणी. फुगवट्याच्या जागी आतून गंज आहे पण आरपार नाही, तिथं घासून प्रायमर मारून घेतो.

चुंबक आडव्या पट्ट्यांना चिकटलं, छताच्या पट्टीला नाही. यवतमाळात एका दुकानात लोकल पट्ट्या पाहिल्या, एका सेटला लव आहे, ओठ दुमडून सोडला तर सरळ होते, तोच सांगून ठेवला. खांब-चौकटीचं काम पेंटर सकाळी करायला तयार झाला, सगळ्यावर फवारा मारणारा नाही, दुसरा.

आता दोनच गोष्टी राहिल्या. काचेच्या उभ्या चॅनलला ग्रीस लावू का, काच जड चालते. आणि पेंटर विचारून राहिला की पूर्ण मॅट मारू का सॅटिन, म्हणजे किंचित चमक असलेला?

यवतमाळकर पेंटर :

ग्रीस अजिबात नको, सगळी धूळ तिथंच जमेल. चॅनल ब्रशनं झाडून घ्या आणि सुक्या सिलिकॉनचा स्प्रे मारा. रंग सॅटिन घ्या. पूर्ण मॅटवर बोटाचे आणि फडक्याचे डाग बसतात, घासून काढायला गेलं की तेवढाच पट्टा चमकतो. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून छताच्या पट्टीजवळ धरून पाहा, आणि पाहायचं ते उन्हात, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही.