ॲस्ट्रोसाइट न्यूरॉनना ग्लुटामेट ‘सोडतात’: पुरावा कुठाय?

सिनॅप्सवाला: कॅल्शियम वाढलं की ॲस्ट्रोसाइट (मेंदूतली न्यूरॉनना साथ देणारी ताऱ्यासारखी पेशी) ग्लुटामेट हा संदेशवाहक रेणू सोडते आणि शेजारचा न्यूरॉन चेततो, असं सर्रास शिकवलं जातं. १९९४ चा गाजलेला प्रयोग डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवरचा. मेंदूतल्या झुपकेदार ॲस्ट्रोसाइटशी त्यांचं साम्य बेताचंच. पुढे २००७ मध्ये उंदराच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये परका रिसेप्टर (बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन) घालून नेमकं तिथलंच कॅल्शियम वाढवलं, तर हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचे) न्यूरॉन ढिम्म. २०१० मध्ये आयपी३आर२ (ॲस्ट्रोसाइटच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारं प्रथिन) नसलेल्या उंदरांतही एलटीपी (सिनॅप्सची, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या सांध्याची, ताकद दीर्घकाळ वाढणं) शाबूत. मग उरलं काय?

तारका: बरंच उरलं! आयपी३आर२ काढला की पेशीच्या मुख्य भागातलं कॅल्शियम गप्प होतं; बारीक फांद्यांमधले चढउतार चालूच राहतात (२०१५), आणि सिनॅप्स असतात ते फांद्यांपाशी. दुसरं, २०१० मध्येच एका ॲस्ट्रोसाइटमध्ये पिपेटने ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) आणि कॅल्शियमचं मिश्रण भरून मोकळं कॅल्शियम ५०-८० नॅनोमोलरवर बांधून ठेवलं. जवळच्या सिनॅप्सचा एलटीपी गेला. बाहेरून डी-सेरीन दिल्यावर परतला.

सिनॅप्सवाला: डी-सेरीनने एलटीपी परतला म्हणजे एलटीपीला लागणाऱ्या एनएमडीए या ग्लुटामेट-रिसेप्टरचा सहकारी रेणू कमी पडला होता, एवढंच कळतं. तो सोडला कुणी, हे कळत नाही. डी-सेरीन बनवणारं एन्झाइम, सेरीन रेसमेज, मुख्यतः न्यूरॉनमध्ये असतं. ॲस्ट्रोसाइट त्याचा कच्चा माल, एल-सेरीन, बनवून पुरवते. डीएन-स्नेअर उंदरांचा (ॲस्ट्रोसाइटचा स्राव रोखण्यासाठी बाहेरचं जनुक घातलेल्या उंदरांचा) दाखला तर देऊच नका, त्यांचा ट्रान्सजीन, म्हणजे ते घातलेलं जनुक, न्यूरॉनमध्येही सापडलाय (२०१४).

फांदी: दोघंही ग्लुटामेट आणि डी-सेरीनमध्येच अडकलात. सर्वांत भक्कम पुरावा एटीपीचा (पेशीच्या ऊर्जारेणूचा) आहे. नॉरॲड्रेनलिन हा सतर्कतेचा संदेशवाहक ॲस्ट्रोसाइटच्या अल्फा-१ रिसेप्टरवर बसतं, कॅल्शियम चढतं, एटीपी बाहेर पडतं, बाहेरची एन्झाइमं त्याचं ॲडेनोसिन करतात, आणि ते ए१ रिसेप्टरमार्फत न्यूरॉनचा स्राव दाबतं. २०२५ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ॲस्ट्रोसाइटवरचा रिसेप्टर काढला, तर नॉरॲड्रेनलिनचा हा परिणामच नाहीसा झाला.

सिनॅप्सवाला: हे मान्य. पण ही चाल मंद, काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंतची. सिनॅप्सवर मिलिसेकंदात घडणाऱ्या संवादाचा दावा यातून सिद्ध होत नाही.

तारका: मिलिसेकंदांचा दावा मी केला कुठे? ग्लुटामेटचं म्हणाल तर २०२३ मध्ये ॲस्ट्रोसाइटचा एक छोटा गट व्हीग्लुट१ (ग्लुटामेट पिशव्यांमध्ये भरणारं प्रथिन) बाळगणारा आढळला. सगळ्या पेशींची सरासरी काढलीत तर तो दिसणारच नाही. प्रयोगात वापरलेला प्रमोटर (घातलेलं जनुक कुठल्या पेशीत चालू व्हावं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) न्यूरॉनमध्ये गळत नाही ना, म्हणजे तिथेही जनुक चालू करत नाही ना, हे मेंदूच्या स्लाइसवर रंगवून तपासा, मग बोलू.