स्कॉट्सडेल (अ‍ॅरिझोना): वाळवंटातले कुठले गोल्फ कोर्स पैसे वसूल करतील?

बंकरबहाद्दर

चौघांसाठी सल्ला हवाय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून पाच दिवस स्कॉट्सडेलच्या रिसॉर्टवर, त्यात १८ होलच्या चार फेऱ्या. हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, कमी तितका खेळ चांगला) ९, १७, २३. चौथा पुण्याहून येणारा, अजून हँडिकॅप नसलेला. यादीत सध्या टीपीसी स्टेडियम (फिनिक्स ओपन होते तो), ट्रून नॉर्थचे दोन्ही आणि ग्रेहॉक. एक फेरी स्वस्तातली हवी. एकाला कार्ट (खेळाडूंची छोटी गाडी) नको, चालत खेळायचंय. काय ठेवावं, काय काढावं?

पिवळंगवत

कोर्सचं नंतर बघू, आधी तारीख बदला. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे ऐन ओव्हरसीडिंग, हिवाळी गवताची पेरणी.

इथलं मूळ गवत बर्म्युडा. उन्हाळ्यात ४३ अंशांतही तग धरतं, पण रात्री गारठा सुरू झाला की झोपी जातं आणि पिवळं पडतं. हिवाळी पाहुण्यांना हिरवंगार हवं असतं, म्हणून सप्टेंबरअखेरपासून बर्म्युडा अगदी खाली कापून खरवडतात आणि त्यावर रायग्रासचं बी पेरतात. दिवस उबदार आणि रात्री थंड असताना ते चांगलं रुजतं. ती वेळ नेमकी ऑक्टोबरच्या आसपास येते. पहिले काही दिवस दिवसातून कितीतरी वेळा पाणी मारावं लागतं, त्यामुळे कोर्स साधारण तीन-चार आठवडे बंद.

खरी फसगत कोर्स उघडल्यानंतरच्या पंधरवड्यात होते. बुकिंग मिळतं, फोटोही हिरवे दिसतात, पण कोवळं गवत तुडवलं जाऊ नये म्हणून कार्ट फेअरवेवर (खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) नेऊ देत नाहीत. रस्त्यावर कार्ट उभी करायची, हातात तीन-चार क्लब घेऊन बॉलपर्यंत चालायचं, क्लब चुकीचा निघाला की परत यायचं. साडेचार तासांची फेरी साडेपाच तासांवर जाते. फेअरवे ओले, बॉल पडतो तिथेच रुततो. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) मशीनची पाती उंच ठेवलेली असतात, त्यामुळे पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) निम्म्यातच थांबतात.

नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या, पण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) अलीकडचा. बुकिंगआधी प्रो शॉपला (कोर्सच्या दुकान-काउंटरला) फोन करून तीनच गोष्टी विचारा: ओव्हरसीडिंगनंतर कधी उघडता, कार्ट रस्त्यावरच ठेवायचं बंधन कुठल्या तारखेपर्यंत, आणि ग्रीनला हवेसाठी भोकं पाडून किती दिवस झाले. वेबसाइटवर हे बऱ्याचदा ठळकपणे लिहिलेलं नसतं.

तारीख हलवताच येत नसेल तर जिथे एकाच ठिकाणी दोन कोर्स आहेत अशाच जागा बघा. ते आळीपाळीने पेरतात, म्हणजे एक तरी उघडा सापडतो.

कॅरी१८०

तारखेबद्दल +१. आता यादी.

फिनिक्स परिसरात १९८० च्या भूजल कायद्यानंतर पाणी देऊन वाढवायच्या गवतावर बंधन आलं. नव्या १८ होलच्या कोर्सला साधारण ९० एकरांत भागवावं लागतं. म्हणून नंतरचे कोर्स बेटाबेटांचे झाले: टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) हे एक बेट, मग खडे-झुडपांचा पट्टा, मग फेअरवेचं बेट, पुन्हा पट्टा, मग ग्रीन. फोटोत हे अप्रतिम दिसतं. २३ हँडिकॅपवाल्याला मात्र प्रत्येक होलला तो पट्टा हवेतूनच ओलांडावा लागतो, घरंगळत नेऊन चालत नाही. चारही फेऱ्या असल्या कोर्सवर ठेवल्यात तर तिसऱ्या दिवशी दोघे कार्टमध्ये नुसते बसून राहतील.

म्हणून नावावर जाऊ नका, जात बघून निवडा.

वी-को-पा, सग्वारो कोर्स. तुमच्या यादीत नाही आणि सगळ्यात आधी हाच हवा. फोर्ट मॅकडॉवेल यावापाई नेशन या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना घरं नाहीत. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स-रचनाकारांचं काम, २००६ चं. फेअरवे ऐसपैस, ग्रीन आणि पुढची टी जवळजवळ, त्यामुळे चालणाऱ्याचीही सोय. रुंद दिसतो म्हणून सोपा समजू नका: फेअरवेच्या कुठल्या बाजूला बॉल ठेवला यावर पुढचा फटका सोपा की अवघड ते ठरतं. ९ वाल्याला डोकं चालवावं लागेल आणि २३ वाल्याचा बॉल हरवणार नाही. एकाच कोर्सवर हे दोन्ही क्वचित जमतं. शेजारचा चोया कोर्स (स्कॉट मिलर, २००१) देखणा आहे, पण तो बेटांच्या जातीचा आणि कार्टचाच.

ट्रून नॉर्थ. दोन्ही कशाला? एक पुरे. मॉन्युमेंट १९९० चा, टॉम वाइस्कॉफ आणि जे मॉरिश यांचा. पिनॅकल १९९६ चा, एकट्या वाइस्कॉफचा. पिनॅकल पीकच्या पायथ्याशी घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळांमधून वाट काढणारं गोल्फ. मॉन्युमेंटला नाव जिच्यावरून पडलं ती शिळा तर फेअरवेतच उभी आहे. ‘वाळवंटातलं गोल्फ’ म्हणून डोळ्यांसमोर जे चित्र असतं ते हेच. मी मॉन्युमेंट घेईन.

टॉकिंग स्टिक, ओओधाम कोर्स. हाही कूर-क्रेनशॉ यांचाच. सपाट, उघडा, जमिनीलगतचे फटके खपवून घेणारा. फोटोत काहीच दिसत नाही, म्हणून लोक टाळतात. पहिल्या दिवशी हात मोकळे करायला आणि तुमच्या पुणेकरासाठी याहून बरा कोर्स नाही.

पापागो. स्वस्तातली फेरी इथे. फिनिक्सचा म्युनिसिपल कोर्स, १९६३ चा, म्हणजे पाण्याच्या बंधनाआधीचा: मोठी झाडं, सलग गवत, मागे लाल खडकाची टेकडी. चालत खेळता येतो, विमानतळाजवळ आहे. बाहेरच्यांना दर स्थानिकांपेक्षा जास्त, तरी रिसॉर्ट कोर्सपुढे किरकोळ.

ग्रेहॉक वाईट नाही. त्याच्या दोन कोर्सपैकी रॅप्टरवर २०२१ ते २०२३ कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि त्याचे बंकर (वाळूचे खड्डे) खोल आहेत. दुसऱ्या, टॅलनच्या सतराव्या होलचं बेटावरचं ग्रीन लक्षात राहतं. पण चारच फेऱ्या असतील तर माझ्या यादीत तो पाचवा.

सोळावं_होल

टीपीसी न खेळता परत गेलं तर मित्र काय म्हणतील? :)

जरा गंभीरपणे: टीव्हीवर दिसतं ते सोळावं म्हणजे १६३ यार्डांचं पार ३ (तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेलं होल) आणि भोवती हजारो माणसांची गॅलरी. ही गॅलरी कायमची नाही. फेब्रुवारीतल्या फिनिक्स ओपनसाठी शरदात उभारायला घेतात, स्पर्धेनंतर उतरवतात. नोव्हेंबरात सांगाडा बऱ्यापैकी उभा सापडेल आणि बोगद्यातून बाहेर पडल्यासारखं वाटेल. उन्हाळ्यात गेलात तर ते मोकळ्या माळावरचं साधं आठ-नऊ नंबर आयर्नचं (मधल्या-आखूड फटक्यांच्या क्लबचं) होल.

कोर्स म्हणून शेवटचा टप्पा चांगला आहे: पंधरावं पाण्यातल्या ग्रीनचं पार ५, सतरावं ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबने) ग्रीन गाठता येईल असं छोटं पार ४, डावीकडे पाणी. त्याआधीची बरीच होलं नीटनेटकी, पण विसरण्याजोगी. गर्दीच्या महिन्यांत ४०० डॉलरच्या वर मोजायचे तर ते स्पर्धेसाठी मोजताय, कोर्ससाठी नाही, एवढं कळून मोजा.

बंकरबहाद्दर

तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर नेली. टीपीसीवर मतदान झालं, ३-१ ने कटाप. दोन प्रश्न: टी कुठली घ्यायची, आणि बॉल झुडपात गेला की नेमकं काय करायचं? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

निवडुंगनको

टीचं आधी. ड्रायव्हर सरासरी २५० यार्ड जात असेल तर ६२०० ते ६४०० यार्डांची (सगळ्या होलांची मिळून लांबी) टी. २२५ ला ५८०० ते ६०००. २०० ला ५२०० ते ५४००. सरासरी म्हणजे खरोखरची, गेल्या वर्षी एकदा बसलेला फटका नव्हे. चौघांनी एकाच टीवरून खेळायचा हट्ट सोडा. वाळवंटात हे जास्त महत्त्वाचं, कारण मागच्या टीवरून पहिला पट्टा ओलांडायला १८० यार्ड हवेतून लागतील तिथे पुढच्या टीवरून १२० पुरतात.

स्लोपही (त्या टीवरून कोर्स किती अवघड त्याचा आकडा) बघा. हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) वजा पार. १७ चा खेळाडू १४० स्लोपच्या टीवर गेला की नुसत्या स्लोपनेच २१ चा होतो. पैजा लावणार असाल तर हे पहिल्या टीवरच ठरवून घ्या.

आता झुडपं. आधी स्कोअरकार्डची मागची बाजू वाचा, कारण नियम कोर्सागणिक बदलतो.

वाळवंट लाल पेनल्टी एरिया (दंडाचा भाग) धरलं असेल तर एक फटका दंड, आणि बॉल जिथून आत गेला त्या जागेपासून दोन क्लब लांबीत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप (बॉल हातातून सोडायचा). बॉल सापडला नाही तरी आत गेल्याची खात्री असेल तर हेच.

तसं धरलं नसेल तर तो साधा खेळाचा भाग. शोधायला तीन मिनिटं. हरवला तर एक फटका दंड आणि मागे जाऊन पुन्हा मारायचं. म्हणून शंका आली की टीवरूनच प्रोव्हिजनल (राखीव दुसरा बॉल) मारून ठेवा. सापडला पण मारता येत नसेल तर अनप्लेएबल जाहीर करा, एक फटका दंड. इथे गोम अशी की दोन क्लब लांबी मोजूनही बऱ्याचदा तुम्ही पुढच्याच झुडपात असता. मग होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे जायचा पर्याय बघा, नाहीतर मूळ जागी परत.

काही ठिकाणी तिसरा प्रकार, स्थानिक नियम म्हणून: दोन फटके दंड आणि फेअरवेच्या कडेजवळ ड्रॉप. मित्रांच्या फेरीत नियम नसला तरी हाच ठरवून घ्या, एक तास वाचेल.

साप आणि निवडुंग यांत फरक आहे. बॉलजवळ रॅटलस्नेक असेल तर नियम १६.२ प्रमाणे विनादंड सुटका. निवडुंगाला ती सवलत नाही, टोचला तरी तुमचं तुम्ही बघा. काट्यांपासून वाचायला टॉवेल स्वतःच्या अंगाला गुंडाळलेला चालतो. निवडुंगावर अंथरला तर दंड.

चोया नावाचा निवडुंग दिसायला मऊ, लोकरीच्या गुंड्यासारखा. त्याच्या फांद्यांचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून कातडीत रुततात. हाताने ओढू नका, बोटांत घुसतील. बॅगेत साधा कंगवा ठेवा: दात तुकड्याखाली सरकवून झटक्यात उडवायचा, मग उरलेले काटे चिमट्याने. झुडपांतून मारायला एक जुना क्लबही ठेवा. ग्रॅनाइटच्या खड्यांवर चांगल्या वेजला (आखूड, उंच फटक्यांच्या क्लबला) एका फटक्यात ओरखडे पडतात. आणि उंच सग्वारो निवडुंगात अडकलेला बॉल काढायला त्यावर क्लब आपटू नका. त्याला पहिला हात (फांदी) फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात, आणि त्याला इजा करणं राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

पाणी_कुठंय

धागा वाचणाऱ्या मुंबई-पुण्याकडच्यांसाठी: इतक्या लांब जायचं नसेल तर दुबई साधारण तीन तासांवर. एमिरेट्स गोल्फ क्लबचा मजलिस १९८८ चा, आखातातला पहिला गवताचा कोर्स. त्याच क्लबच्या फाल्डो कोर्सवर दिव्यांखाली रात्री खेळता येतं. हवामान नोव्हेंबर ते मार्च चांगलं. तिथली वाळू मात्र खरीखुरी मऊ वाळू, अ‍ॅरिझोनासारखे खडे-काटे नाहीत, त्यामुळे तिथून मारून निघणं बंकरच्या फटक्यासारखं.

बंकरबहाद्दर

आभार! असं ठरवलंय: बुधवारी उतरून दुपारी पापागो, गुरुवारी ट्रून मॉन्युमेंट, शुक्रवारी टॉकिंग स्टिक, शनिवारी सग्वारो.

पिवळंगवत

क्रम थोडा हलवा. दर आठवड्याच्या शेवटाकडे चढत जातात, म्हणून महागडे शनिवारच्या आधी हवेत. शिवाय पहिली पूर्ण फेरी ट्रूनवर नको, तिथे हात बसलेला लागतो. मंगळवारी या. बुधवारी टॉकिंग स्टिक, गुरुवारी ट्रून, शुक्रवारी सग्वारो, शनिवारी परतीच्या विमानाआधी सकाळी पापागो, तिथून विमानतळ हाकेच्या अंतरावर.

दुपारच्या सवलतीच्या फेरीला भुलू नका. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. एकची टी वेळ (फेरी सुरू करायची वेळ) घेतलीत तर शेवटच्या होलांना अंधार गाठेल.

ट्रून दोन-अडीच हजार फुटांवर आहे, बॉल तुमच्या घरच्यापेक्षा अडीच-तीन टक्के लांब जाईल. १५० यार्डांना चारेक यार्ड. पण सकाळी सातच्या थंडीत तोच फायदा हवा खाऊन टाकते, तेव्हा पहिली चार-पाच होलं नेहमीचाच क्लब घ्या आणि ऊन चढलं की ते चार यार्ड धरा. पट पिनॅकल पीकपासून दूर, खाली फिनिक्सच्या दिशेला वळतात. ग्रीन उलटं सांगत असलं तरी आधी डोंगराकडे बघा.

अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही. नोव्हेंबरात ते न्यू जर्सीच्या दोन तास मागे असतं, म्हणजे तुम्हाला पहाटे चारलाच जाग येणार. सकाळी साडेसातच्या आतली टी वेळ मागा.