सासूबाईंच्या घराण्यातील मेणाची बाहुली : वय कसे ठरवावे आणि ती कशी जपावी?

प्रश्न :
लग्नानंतर मी इंग्लंडमध्ये राहते. सासूबाईंनी घराण्यातील मेणाची बाहुली माझ्या मुलीसाठी माझ्याकडे सोपवली आहे. चेहरा आणि हातपाय मेणाचे, धड कापडी, डोळे काचेचे असून केस टाळूत चिमूटचिमूट रोवलेले आहेत. सासूबाईंच्या खापरपणजी एका मोठ्या घरी स्वयंपाक करीत आणि त्यांनी ही बाहुली लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात विकत घेतली, असे घरात सांगतात. हे कसे पडताळावे? गालांवर पांढुरका थर आला आहे, तो काढावा का?

प्रतिसाद १ :
रोवलेले केस हे लंडनच्या ओतीव मेणाच्या बाहुल्यांचे लक्षण आहे. कागदाच्या लगद्यावर मेणाचा पातळ थर दिलेल्या स्वस्त बाहुल्या वेगळ्या. त्या प्रदर्शनात ऑगस्टा मॉन्टानारी यांना बाहुल्यांसाठी पदक मिळाले होते, त्यामुळे अशा बाहुलीशी १८५१ हे साल सहज जोडले जाते. मात्र त्यांच्या बाहुल्यांची किंमत कपड्यांविनाही १० ते १०५ शिलिंग होती. स्वयंपाकिणीने एवढा खर्च करण्यापेक्षा मालकांच्या मुलीची बाहुली तिला भेट मिळाली असणे मला अधिक संभवनीय वाटते, आणि तसे असेल तर त्या घराचे नाव शोधणे अगत्याचे आहे. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेत नोकरांची नोंद मालकाच्या घरातच सापडते. तिथूनच आरंभ करा. पिएरोटी घराण्याने अशा बाहुल्या १९३५ च्या सुमारापर्यंत घडवल्या आणि त्यांचे नाव कधीकधी मानेमागे कोरलेले असते, तर लूसी पेक यांचा शिक्का धडावर आढळतो. कपडे उतरवताना शिवण उसवू नका, कारण मूळ कपडे हाही पुरावाच आहे.

प्रतिसाद २ :
थराला कृपया हात लावू नका. पाणी, साबण, स्पिरिट यांपैकी काहीही वापरले, तर गालांचा रंग थरासोबत निघून जाण्याची भीती असते. हे काम संग्रहालयीन वस्तूंच्या जतनतज्ज्ञाकडेच द्यावे. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळत असले, तरी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते, म्हणून खिडकी, शेकोटी आणि रेडिएटर यांपासून बाहुली दूर हवी. आम्लरहित कागदात, चेहऱ्यावर दाब येणार नाही अशी उताणी ठेवा. आणि सासूबाईंची हकीकत त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात आधी नोंदवून घ्या. जनगणनेची कागदपत्रे पुढच्या वर्षीही मिळतील.