जुनी सॉफ्टवेअर, नवे संगणक : आपले अनुभव सांगा

सियागंजची लेक
काल माळा आवरताना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या जोडपानी कागदाचा गठ्ठा सापडला, म्हणून हा धागा काढते आहे. इंदूरच्या सियागंजात आमचे किराण्याचे ठोक दुकान आहे आणि उधारीची सारी खाती डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये होती. जुना संगणक जळाल्यावर विंडोज ११ असलेला नवा आणला, तर त्याने प्रोग्रॅम चालवायला साफ नकार दिला. भाच्याने डॉसबॉक्स हा जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम घालून हिशेबाचा फोल्डर त्यात सी ड्राइव्ह म्हणून जोडला, तेव्हा बाबांनी चष्मा न लावताच बाणांच्या कळा दाबत थकबाकीची यादी गाठली. छपाई मात्र अडली, कारण प्रोग्रॅम एलपीटी१ हे प्रिंटरचे जुने पॅरलल पोर्ट शोधत होता आणि नव्या यंत्राला ते पोर्टच नव्हते. शेवटी व्हीडॉस या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमने तीच छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवली.

निवृत्त यंत्रज्ञ
नकाराचे कारण सांगतो. ३२ बिट विंडोज असे प्रोग्रॅम प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ पद्धतीच्या (म्हणजे जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखे वागण्याच्या) आधाराने चालवत असे, परंतु प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत गेला की ती सोय उरत नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती तरी मिळत होती; ११ फक्त ६४ बिटच आहे.

तोफखाना
आम्हाला कॉलेजात टर्बो सी हा सी भाषेचा जुना प्रोग्रॅम याच डॉसबॉक्समधून शिकवले. तो निळा पडदा पाहून माझ्या आजोबांना वाटले, संगणक बिघडला!

अंकवाली
हिशेबाचे आकडे तरी आकडेच राहतात, आमचे मराठीच गेले. मंडळाच्या जुन्या वार्षिकांकाच्या, पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममधल्या फायली उघडतात, पण त्या वेळचा फाँट नसला की पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात, कारण तो मजकूर युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक अक्षरसंकेतामध्ये नव्हताच. रूपांतर करणारे साधन वापरले, तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. जुन्या फाँटात ती दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. तीन अंक मी ओळीओळीने तपासले आणि रफार अजून बाकी आहेत.

लष्कर, ग्वाल्हेर
आमच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरचे कुलूप, म्हणजे जे लावल्याशिवाय ते चालत नाही, पॅरलल पोर्टात बसते, म्हणून विंडोज एक्सपीचा एक संगणक इंटरनेट न जोडता अजून जपला आहे. अंकवालीताई, फाँटच्या मूळ फायली कुणाकडे असतील तर त्या आधी मिळवा.

निवृत्त यंत्रज्ञ
सियागंजच्या ताई, फॉक्सप्रोच्या आपल्या डीबीएफ फायली लिबर ऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडतात. एक प्रत काढून पाहा.

सियागंजची लेक
पाहिले, उघडल्या. १९९८ सालची एक उधारीही निघाली आणि बाबा आता त्या गृहस्थांचा फोन नंबर शोधत आहेत.