ओह, उप्स, अलास: इंग्रजी बोलताना तुमच्या तोंडून काय निघतं?

अमळनेर तालुका, शिक्षिका:
केवलप्रयोगी अव्ययं मी बारा वर्षं एकाच पद्धतीनं शिकवली. आनंद झाला की 'हुर्रे', दुःख झालं की 'अलास'. फळ्यावर दोन रकाने, वहीत दोन रकाने. दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. पुण्यात नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला: 'अलास! युवर फादर इज नो मोअर.' माया त्याची होती, शब्द माझ्या फळ्यावरचे. आजच्या बोलण्यात अशा वेळी कुणी 'अलास' म्हणत नाही, 'ओह, आय अ‍ॅम सो सॉरी' म्हणतात. तेव्हापासून रकाने बंद. आता प्रसंग सांगून शिकवते. तुमचे अनुभव लिहा, वर्गात कामी येतील.

भुसावळ, कॉल सेंटर:
रात्रपाळी होती. एका बाईंचे पैसे दोनदा कापले गेले होते. स्क्रीन बघून मी म्हणालो, 'उप्स!' पलीकडे क्षणभर शांतता, मग संताप. टीम लीडरनं नंतर समजावलं: पेन पडलं, चहा सांडला तर 'उप्स'. दुसऱ्याचं नुकसान झालं तर 'ओह नो', आणि लगेच माफी. ताई, 'अरेच्चा' कुठे आणि 'अरेरे' कुठे हे आपल्याला लहानपणापासून कळतं. इंग्रजीतलं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

धुळे:
लिहिताना भावना जोराची असेल तर उद्गारचिन्ह, हलकी असेल तर स्वल्पविराम: 'वेल, लेट मी सी.' उद्गारचिन्ह एकच पुरतं.

रावेर, केळी उत्पादक:
निर्यातीचा माल बघायला पाहुणे आले होते. एकानं घडाखाली हात धरून 'वॉव!' म्हटलं. मी म्हणालो, 'व्हॉट अ बिग बंच इज इट!' सोबत भाची होती. ती परतताना म्हणे, 'मामा, 'इट इज' म्हणायचं. 'इज इट' प्रश्नात येतं. नाहीतर नुसतं 'व्हॉट अ बिग बंच!' म्हटलं तरी चालतं.' मग तिनं बांधावर उभ्या उभ्या समजावलं: केवढा मोठा घड, तिथे 'व्हॉट अ', कारण पुढे नाम आहे. किती गोड, तिथे 'हाऊ', कारण नुसतं विशेषण आहे. 'हाऊ स्वीट!' शाळेत वाक्यं बदलून बदलून हात दुखले होते, पण हे त्या दिवशी समजलं.

नंदुरबार:
माझ्या मुलीचं बोट वर्गाच्या दारात चेमटलं. ती 'व माय!' म्हणून ओरडली. इंग्रजीच बोलायचा नियम मोडला म्हणून दहा रुपये दंड. नख काळंनिळं झालेलं, आणि वहीत दंडाची नोंद. 'आउच' तिला येतं हो, ताई. पण कळ आल्यावर लेकरानं आधी शब्द निवडायचा का?

अमळनेर तालुका, शिक्षिका:
नाही, ताई. माझ्या वर्गात कुणाला लागलं तर आधी पाणी आणि फडकं. 'आउच'चा धडा दुसऱ्या दिवशी. भुसावळच्या भाऊ, 'अरेच्चा' आणि 'अरेरे' उद्याच फळ्यावर घेते. 'फ्यू'साठी पोरांनी स्वतःहून 'हुश्श' सुचवलंय, ते अगदी चपखल बसतं. 'वेल'ला मात्र अजून जोडी सापडलेली नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?