तीस हजारांच्या हेडफोनशिवाय तानपुरा ऐकूच येत नाही?

महालचा_वाडा · रात्री ११:५०

परवा 'कानसेन_धरमपेठ' यांनी लिहिलेलं ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यातली वाक्यं आधी देतो: "मोबाइलच्या स्पीकरवर शास्त्रीय संगीत ऐकणं हा कलाकाराचा अपमान आहे. चांगला ओपन-बॅक (पाठीमागून जाळीचा, उघडा) हेडफोन तीस हजारांच्या आत मिळत नाही, आणि त्याशिवाय तानपुरा ऐकूच येत नाही." खाली यादी आहे: किशोरीताईंचा भूप, निखिल बॅनर्जींची सतार, १९६७ सालचा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा वाद्यसंगीताचा अल्बम. यादीशी माझं भांडण नाही. 'अपमान' या शब्दाशी आहे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, बत्तीस वर्षं. त्या खडखडाटात त्यांचा डावा कान जवळजवळ गेला. १९५२ पासून चालत आलेला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री साडेनऊला लागायचा. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून खाटा टाकायच्या आणि चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर त्यांच्या उजव्या कानाशी उशीवर ठेवायचा. आलाप सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच म्हणायचे, "दरबारी आहे. गंधार कसा झुलतोय पाहा." आता सांगा, यात अपमान कोणाचा झाला?

आणि तानपुरा 'ऐकूच येत नाही' हे शास्त्रालाही धरून नाही. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झचा. मोबाइलचा नखाएवढा स्पीकर तो देऊ शकत नाही, मान्य. पण जवारी, म्हणजे तारेची झणझण, उघडलेली असली की त्याच तारेतून ३४६, ४१६, ४८५ असे वरचे सूर निघतात आणि ते स्पीकर देतो. त्यांच्यातलं अंतर प्रत्येक वेळी साधारण ६९ चंच असतं. तेवढ्यावरून मेंदू खालचा नसलेला खर्ज उभा करतो. त्यातला ३४६ म्हणजे गंधार, जो कुठल्याच तारेला लावलेला नसतो. गरिबाच्या मोबाइलवरही तो ऐकू येतो.

हेडफोन माझ्याकडेही आहे, साडेचार हजारांचा. माइकला चिकटून गायलेलं भावगीत त्यावर फार सुंदर लागतं. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लावून पाहा. एकच वाट असलेलं (मोनो) ध्वनिमुद्रण, त्यामुळे आवाज बरोब्बर कवटीच्या मधोमध येऊन बसतो आणि खरखर दोन्ही कानांना टोचते. तेच खोलीतल्या स्पीकरवर लावलं की खाँसाहेब समोर बसतात. ते खोलीसाठी गायले होते, माझ्या डोक्याच्या आत बसण्यासाठी नाही.

कानसेन_धरमपेठ · रात्री १२:२५

वडिलांबद्दल आदर आहे, पण राग ओळखणं वेगळं आणि गाणं ऐकणं वेगळं. ओळखायला चार स्वर पुरतात.

कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) एका मैफलीचं रेकॉर्डिंग मी तेरा-चौदा वर्षं स्पीकरवर ऐकत होतो. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेला माणूस, हे वाचून माहीत होतं. ओपन-बॅकवर पहिल्यांदा लावलं तेव्हा तानेआधीचा श्वास ऐकू आला. छोटा, घाईचा, नाकानं ओढलेला. मग पुढची तान, आखूड, विजेसारखी. मग पुन्हा श्वास. त्या तुकड्या-तुकड्यांच्या ताना अशा का आहेत ते तेव्हा अंगाला कळलं. रात्री दोनला बायकोला उठवून ऐकवलं.

बायाँचंही, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचंही, तसंच. स्पीकरवर नुसतं 'धं' येतं. हेडफोनवर मनगट पुडीवरून पुढे सरकतं ते ऐकू येतं, आधी कातड्याची खरखर, मग सूर वर चढतो.

तीस हजार मी दोन वर्षं पोटाला चिमटा काढून जमवले. मेंदू खर्ज भरून काढतो म्हणता ना? मग तुम्ही तानपुरा ऐकत नाही, तानपुऱ्याची आठवण ऐकता.

बुटीबोरी_शिफ्ट · रात्री १२:४०

राजेहो, तुमी दोघंही मोठे माणसं, पण एक सांगा. ओपन-बॅक म्हणजे पाठीमागून जाळीच जाळी. आतला आवाज बाहेर अन् बाहेरचा आत. नागपुरात एप्रिल लागला का कूलर सुरू होते, तो पार मृग बरसेपर्यंत. खिडकीत पत्र्याच्या बॉडीचा कूलर धडधडून राहिला अन् तुमी कुमारजींचा श्वास ऐकान? मी मोबाइलच्या ॲपनं मोजलं, पलंगावर ६२ डेसिबल. तुमचे तीस हजार तीन महिने पाण्यात.

कानसेन_धरमपेठ · रात्री १२:४४

मी ऐकायच्या खोलीत एसी लावतो. गंभीर ऐकणाऱ्यानं एवढी सोय करावी.

बुटीबोरी_शिफ्ट · रात्री १२:४७

झालं. आधी तीस हजार, आता एसी. सगळ्याइच्या घरी एसी नसते भाऊ. पंचेचाळीस डिग्रीत दिवसभर शेडमध्ये उभा राहून घरी येतो मी. कूलर बंद करून दरबारी ऐकू का?

रेकॉर्डिंगवाला_सदर · सकाळी ७:१०

कूलरचा विषय निघाला म्हणून लिहितो. याचा मी फार छळ सोसला आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची. कूलरच्या मोटरची गुणगुण त्याच्या दुपटीवर, १०० वर येते. काळी एकच्या तानपुऱ्यात पहिली तार मंद्र पंचमाची, ती साधारण १०४ ला. म्हणजे दोघांत चारचा फरक. पंचम छेडला की सेकंदाला चार लाटा येतात, वँव-वँव-वँव-वँव. तानपुरा बेसूर लागलाय असं वाटतं. मी एकदा अर्धा तास गायकाला तार जुळवायला लावली. शेवटी शेजारच्या घरातला कूलर बंद झाला आणि तानपुरा आपोआप सुरात आला. त्या बिचाऱ्याची मी नंतर माफी मागितली.

तेव्हा ओपन-बॅक आणि कूलर एका खोलीत नांदत नाहीत, यात बुटीबोरीवाल्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. नॉइज कॅन्सलिंग असलेला बंद हेडफोन ती सलग गुणगुण बरीचशी खातो, पण कूलरच्या गवतावरून पडणाऱ्या पाण्याची टपटप त्याला आवरत नाही.

महागाच्या भक्तांसाठी आणखी एक. चार गायकांना बसवून सीडी आणि ३२० केबीपीएसचा एमपी३ आलटूनपालटून ऐकवला, कुठला कुठला ते न सांगता. दहापैकी पाच-सहा उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. फरक पडतो तो मूळ मुद्रणानं. जुन्या गाण्यांवर बाँगो-ढोलक चढवलेल्या झंकार कॅसेटी ज्यांनी काढल्या त्यांनी एका अख्ख्या पिढीचा कान बिघडवला. आता तेच काम 'रिमास्टर' करतात. सगळं दाबून सारख्या जोरात. आलाप आणि तराणा एकाच उंचीवर. त्याला कुठला हेडफोन पुरणार?

बुटीबोरी_शिफ्ट · सकाळी ७:३०

दादा, ते वँव-वँव मले दहा वर्षांपासून ऐकू येते! मी समजत होतो माह्या कानातच काही आहे. कूलरच्या स्टँडखाली सायकलची जुनी ट्यूब कापून चार पट्ट्या टाकल्या तर बॉडीचा कंप कमी होते. मोटरच्या नटाखालीही एकेक तुकडा टाका. अन् गवत दरसाली बदला. जुनं गवत चिखलानं दाटते, हवा ओढायले पंखा जोर मारते, आवाज वाढते.

इतवारीचा_नातू · सकाळी ७:५२

गवत नका लावू, हनीकोंब (जाळीदार पुठ्ठ्याचं पॅड) लावा. दोन-तीन वर्षं टिकतो.

बुटीबोरी_शिफ्ट · सकाळी ७:५५

हनीकोंबले वास नाही. पाणी सोडलं का गवताचा पहिला वास येते त्याच्याशिवाय उन्हाळा लागत नाही.

इतवारीचा_नातू · सकाळी ८:०१

वास हवा तर वाळ्याच्या ताट्या लावा. आमच्या आजोबांच्या दुकानात दारालाच असायच्या, पोऱ्या दर तासाला पाणी मारायचा. शून्य डेसिबल.

महालचा_वाडा · सकाळी ८:२०

कूलरचा वेगळा धागा काढा ना. मी 'अपमान' या शब्दाबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

कानसेन_धरमपेठ · सकाळी ८:४०

उत्तर हवंय? मग स्पष्ट लिहितो. पन्नाशीनंतर कानाची वरची पट्टी उतरतेच. तुम्हाला बारा हजार हर्ट्झच्या वरचं येत नसेल, म्हणून तुम्हाला साडेचार हजारांचा आणि तीस हजारांचा सारखाच वाटतो. त्यात तत्त्वज्ञान आणू नका.

गाणं_शिकवते_लक्ष्मीनगर · सकाळी ९:०५

कानसेन, वयाचा मुद्दा काढायचं कारण नव्हतं. माझं वय एकसष्ट आहे. आजही मुलीचा निषाद कोमलकडे किती ढळला ते मी पाठमोरी उभी राहून सांगते. सूर बारा हजारांच्या वर राहत नाही. स्त्रीचा तार षड्जसुद्धा हजाराच्या खालीच असतो. वर असते ती चकाकी. ती तुम्हाला मिळते, आनंद आहे. तिला गाणं म्हणू नका.

माझी तक्रार तुम्हा सगळ्यांकडेच आहे. हल्ली मुली कानात इअरफोनची बोंडं घालून रियाजाला बसतात. ॲपचा तानपुरा थेट कानात. कान बुजला की स्वतःचा आवाज हाडांतून घुमून मोठा वाटतो, खोलीतला खरा आवाज कळत नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी यमन घोटून आली, घरी महिनाभर अशीच गायली होती. मी बोंडं काढायला लावली. पहिला षड्ज लावला आणि घाबरली. म्हणाली, "बाई, माझा आवाज इतका बारीक आहे?" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तानपुरा मांडीशी हवा, त्याचा भोपळा अंगाला लागायला हवा. तो सूर कानाच्या आधी बरगड्यांना कळतो.

मिहान_रात्रपाळी · सकाळी १०:३०

मी एरवी फक्त वाचते. पण कूलरची चेष्टा होतेय असं वाटलं म्हणून लिहितेय.

रात्रपाळी करून सकाळी नऊला झोपायची. कूलरच्या आवाजात झोप लागावी म्हणून कानात बासरी लावायची. ६२ डेसिबलवर बासरी ऐकू यायची तर आवाज त्याहून वर न्यावाच लागतो. कामावर आठ तास हेडसेट होताच. मागच्या जूनपासून उजव्या कानात शिट्टी वाजते. थांबत नाही. डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण सांगितलं: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ अर्धा. मी किती पुढे गेले होते ते तेव्हा कळलं.

आता शांत खोलीत तानपुरा लावला तरी त्याच्यावर ती शिट्टी असते. कुठलाच हेडफोन ती काढू शकत नाही. ज्यांना श्वास ऐकू येतो त्यांनी आवाज कमी ठेवून ऐका, एवढंच सांगायचं होतं.

बुटीबोरी_शिफ्ट · सकाळी १०:४१

ताई, कूलर कोणत्या बाजूनं बसवला आहे? पलंगाच्या डोक्याशी असन तर आधी तो हलवा. पंखा दोन नंबरवर चालवा. मी येऊन ट्यूब लावून देतो, पैशे नको.

रेकॉर्डिंगवाला_सदर · सकाळी ११:००

मिहान ताई, माझाही डावा कान वाजतो, नऊ वर्षं झाली. सुरुवातीचं वर्ष सगळ्यात वाईट जातं, पुढे तो आवाज थोडा मागे सरकतो. माझ्या बाबतीत तरी असं झालं.

कानसेन_धरमपेठ · दुपारी १:१५

वयाचं वाक्य मागे घेतो. महालकाका, चुकलं.

'अपमान' हा शब्द काढतो. 'तीस हजार' काढून 'जमेल तेवढे' लिहितो. 'आवाज कमी ठेवा' ही ओळ वर घालतो, मिहान ताईंच्या सांगण्यावरून. बाईंचं रियाजाचं म्हणणं पटलं, पण मी ऐकणाऱ्यांसाठी लिहिलं होतं, गाणाऱ्यांसाठी नाही. तानपुऱ्याबद्दलचं वाक्य मात्र राहील, थोडं बदलून: "तानपुरा मोबाइलवर कळतो, हेडफोनवर दिसतो." यापुढे मी सरकणार नाही.

महालचा_वाडा · दुपारी १:४०

ठीक आहे. 'दिसतो' मला पटलेलं नाही, पण राहू द्या.

वडिलांचा ट्रान्झिस्टर अजून चालतो. रविवारी पहाटे पाचला गच्चीवर या. तेव्हा मोहल्ल्यातले अर्धे कूलर बंद असतात. तुमचा हेडफोन आणा, मी ऐकतो. तुम्ही ट्रान्झिस्टर ऐका. उशी देतो. उजव्या कानाशीच धरा, ते तसंच धरायचे.

कानसेन_धरमपेठ · दुपारी १:५२

येतो. कुमारजींचं तेच रेकॉर्डिंग आणतो.

बुटीबोरी_शिफ्ट · दुपारी २:०५

सदरवाले दादा, आज सकाळी दोन पट्ट्या अजून टाकल्या. बॉडीचा कंप गेला, वँव-वँव पार कमी झालं. टपटप आहे अजून.