मदत हवी आहे: राणीचं ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांकडे करू? डिग्र्यांमधलं काही कळत नाहीये

मीनल_९:
राणीच्या मागच्या डाव्या पायाचं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करायचं हे नक्की आहे, त्यावर कृपया चर्चा नको. प्रश्न डॉक्टरांचा आहे. पहिले डॉक्टर एम.व्ही.एस्सी. (प्राण्यांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी), २५ वर्षांचा अनुभव, पण त्यातली निम्मी वर्षं गाई-म्हशींमध्ये गेली. दुसरे तरुण आहेत, पाटीवर नावापुढे दीड ओळ भरून अक्षरं, एक परदेशी सर्टिफिकेटही आहे. गुरुवारपर्यंत कळवायचंय. कोणाकडे जाऊ? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

रानपाखरू:
राणी म्हणजे कुत्री की मांजर? वय? वजन? कुठलं लिगामेंट? एक्स-रे झाला का?

तळ्याकाठी:
एम.व्ही.एस्सी. कशात, हे आधी विचारा. सर्जरी अँड रेडिओलॉजी वेगळं, मेडिसिन वेगळं, गायनॅक वेगळं. मायक्रोबायॉलॉजी आणि पोल्ट्री सायन्समध्येही एम.व्ही.एस्सी.च मिळते, आणि पाटीवर विषय बहुतेक वेळा नसतोच.

मीनल_९:
कुत्री. लॅब्रॅडॉर, साडेसहा वर्षं, ३४ किलो. एक्स-रे दोघांनी काढला, क्रूशिएट म्हणाले, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट. विषय कसा विचारू? इतक्या वर्षांच्या डॉक्टरांना वाईट नाही का वाटणार?

विठ्ठल_जी:
ऑपरेशनची घाई करू नका. आमच्या पिल्लूला पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवलं, तीन महिन्यांत ठणठणीत. चिरफाड शून्य.

मीनल_९:
काका, वर लिहिलंय ना. ऑपरेशन नक्की आहे.

रानपाखरू:
पिल्लूचं वजन किती होतं, विठ्ठल_जी?

विठ्ठल_जी:
सहा किलो. पण तत्त्व तेच.

डॉ_सायली:
तत्त्व तेच नाही. लहान चणीच्या कुत्र्यांना विश्रांती, वेदनाशामकं आणि व्यायामावर बऱ्यापैकी आराम पडू शकतो. ३४ किलोच्या लॅबचा गुडघा तेवढ्यावर सहसा स्थिर राहत नाही. मी व्हेट आहे, ११ वर्षं फक्त कुत्री-मांजरं बघते, म्हणून मीनलताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडची व्हेटची मूळ पदवी, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांची, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. त्यात गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी, कुत्रं, सगळं येतं. कुत्र्या-मांजरांची वेगळी पदवी नसते. आम्ही पास झाल्यावर त्या वाटेला वळतो, कोणी लगेच, कोणी सरकारी दवाखान्यात दहा वर्षं काढून. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांची गुरांमधली वर्षं ही खोट समजू नका.

आता अक्षरं. एम.आर.सी.व्ही.एस. ही पदवी नाही, ब्रिटनच्या रॉयल कॉलेजचं, म्हणजे तिथल्या व्हेट लोकांच्या संस्थेचं, सभासदत्व आहे. तिथे प्रॅक्टिस करायला ते लागतं, स्पेशालिस्ट असण्याशी त्याचा संबंध नाही. त्याच संस्थेत ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिशनर आणि स्पेशालिस्ट हे दोन वेगळे दर्जे आहेत. अमेरिकेत पदवी डी.व्ही.एम., फक्त पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ तिलाच व्ही.एम.डी. म्हणतं. तिथला खरा सर्जन म्हणजे ए.सी.व्ही.एस.चा, म्हणजे व्हेट सर्जनांच्या अमेरिकन कॉलेजचा, डिप्लोमेट: पदवीनंतर सहसा एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं रेसिडेन्सी, मग परीक्षा. नुसतं ‘सर्टिफिकेट’ मात्र दोन दिवसांच्या वर्कशॉपचंही असतं आणि दोन वर्षं घाम गाळून मिळवलेलंही. कोर्स किती दिवसांचा, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

गोठ्यावरून:
गुरांच्या डॉक्टरांना कमी लेखू नये. माझे वडील तेच. रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात, उभ्या गाईचं सिझेरियन करायचे. तो हात ज्याचा तयार झाला, त्याला कुत्र्याच्या गुडघ्याचं काय!

तळ्याकाठी:
आदर आहेच, पण उभ्या गाईला जागच्या जागी बधिर करतात. कुत्र्याला पूर्ण भूल लागते. श्वासनलिकेत नळी, ऑक्सिजन, सतत देखरेख, वर हाडाचं काम. हात चांगला असला तरी ही विद्या वेगळी शिकावीच लागते.

गोठ्यावरून:
शिकतातच की. व्हेटचं पहिलं कॉलेज बुर्जेलाने १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लियाँला काढलं, तो स्वतः घोडेस्वारीची शाळा चालवणारा. दीडशे वर्षं हा धंदा मुख्यतः घोड्या-गुरांचाच होता. मोटारी आल्या, शहरातले घोडे गेले, तेव्हा बरेच जण कुत्र्या-मांजरांकडे वळले. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांची अमेरिकन संघटना झाली ती थेट १९३३ ला.

डॉ_सायली:
हे खरं आहे. पण सुरुवातीपासून याच कामात असलेलेही होते. १९१० ला शिकागोत पदवी घेतलेल्या एलिनॉर मॅकग्रा यांनी लहान प्राण्यांचाच दवाखाना चालवला, तेही बायकांना या धंद्यात कोणी उभं करत नव्हतं त्या काळात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने पहिल्या बाईला, एलीन कस्टना, मान्यता दिली ती १९२२ मध्ये. त्याआधी वीसेक वर्षं त्या आयर्लंडमध्ये काम करत होत्या!

शुभदा_म:
माझी मुलगी अकरावीत आहे, तिला व्हेट व्हायचंय पण फक्त मांजरांची. तिने आतापासून काय करावं?

गोठ्यावरून:
आधी गोठ्यात जाऊ द्या तिला. शेण काढायची तयारी नसेल तर साडेपाच वर्षं कठीण जातील.

मीनल_९:
अहो प्लीज, माझा गुरुवार जवळ आलाय. पहिले म्हणतात दोऱ्याचं करू, दुसरे म्हणतात हाड कापून प्लेट बसवू. पण मला फक्त एवढंच सांगा, हात कोणाचा चांगला असेल?

रानपाखरू:
थांबा. दोघं वेगवेगळी ऑपरेशनं सांगतायत? हे आधी का नाही लिहिलंत!

डॉ_सायली:
ताई, सगळा प्रश्न इथेच आहे. दोऱ्याचं म्हणजे सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉन घालून गुडघा आवळून धरणं. प्लेटचं बहुधा टीपीएलओ, अमेरिकन सर्जन स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडलेलं. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा भाग उतरता असतो. लिगामेंट तुटलं की पाय टेकताना ते हाड पुढे सरकतं. टीपीएलओमध्ये वरचा भाग कापून, फिरवून, उतार कमी करतात, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटची गरजच उरत नाही. वजनदार, पळणाऱ्या कुत्र्यांत बहुतेक सर्जन हेच पसंत करतात. मात्र ज्याने दोनच केलीत त्याच्या टीपीएलओपेक्षा ज्याने दोनशे केलीत त्याचं दोऱ्याचं ऑपरेशन मी निवडेन.

म्हणून दोघांना हेच विचारा: हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत, भूल कोण देणार आणि ऑपरेशन चालू असताना तिच्यावर नजर कोण ठेवणार, प्लेट सैल झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा कोण उघडणार. चांगल्या डॉक्टरांना याचं वाईट वाटत नाही. मला कोणी विचारलं तर बरंच वाटतं.

विठ्ठल_जी:
आणि वजन कमी करा तिचं. ३४ जास्तच आहे.

डॉ_सायली:
याला +१. दुसऱ्या पायाचं लिगामेंटही पुढे तुटण्याची शक्यता बरीच असते.

मीनल_९:
आत्ताच पहिल्या डॉक्टरांना फोन केला. धीर करून सगळं विचारलं. एम.व्ही.एस्सी. सर्जरीतलीच आहे. दोऱ्याची खूप केलीत, टीपीएलओ एकही नाही. ते स्वतःच म्हणाले, “हिच्या वजनाला प्लेटच बरी, तो मुलगा ते नीट करतो, मी त्याला एक्स-रे पाठवतो.” दुसऱ्यांचं सर्टिफिकेट दीड वर्षाचं निघालं, भुलेला वेगळ्या डॉक्टर येतात. टाके आणि ड्रेसिंग पहिल्या डॉक्टरांकडेच करायचं ठरलंय, राणी त्यांना ओळखते, टेबलावर हलत नाही. गुरुवारी सकाळी आठ वाजता.

रानपाखरू:
उपाशी किती वाजल्यापासून ठेवायचं ते विचारलंत का? आणि पाणी?

मीनल_९:
नाही विचारलं. परत लावते फोन.